दुकानाचा फोन दीड तास वाजलाच नाही

मागच्या व्हिडिओत हा किस्सा मी चार मिनिटांत उरकला होता. कॅमेऱ्यासमोर माणूस थोडा हिरो बनतो, स्वतःच्या चुका पटकन गिळून टाकतो. म्हणून इथे नीट लिहितो. वेळ असेल तर दुकानातल्या पोरांना सोबत बसवून वाचा.

लकडगंजमध्ये आमचं प्लायवूड आणि हार्डवेअरचं दुकान आहे. दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस म्हणजे आमचा खरा सीझन. कुणाला कपाट हवं, कुणाला किचनच्या ट्रॉल्या, कुणाला जुन्या दारावर नवीन सनमाईका. मिस्त्री लोक सकाळी ९ वाजल्यापासून काउंटरवर उभे असतात, आणि जे उभे नसतात ते व्हॉट्सअ‍ॅपवर असतात. '१९ एमएमच्या ६ शीट पाठवा', 'चॅनल १८ इंची आहे का', 'भाव काय लावला'. हे सगळं सांभाळायला काउंटरवर एक मुलगा आहे. तेव्हा वय २१. नाव लिहीत नाही, त्याने तशी विनंती केली आहे.

२०२३ ची गोष्ट. धनत्रयोदशीला चार-पाच दिवस होते. दुपारी साडेबाराच्या सुमारास दुकानाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर कॉल आला. फोटोच्या जागी एका कुरिअरचा लोगो. समोरचा माणूस हिंदीत, घाईघाईत बोलत होता. तुमचं पार्सल गाडीवर आहे, पत्ता सापडत नाही, डिलिव्हरीवाल्याचा फोन लागत नाही, मी सांगतो तो नंबर डायल करा म्हणजे सरळ त्याच्याशी जोडला जाईल. आमचे ड्रॉवर चॅनलचे सॅम्पल खरंच येणार होते. मुलाने डायल केलं. स्टार, ४०१, पुन्हा स्टार, आणि पुढे दहा आकडी मोबाईल नंबर. समोर काउंटरवर तीन गिऱ्हाइकं उभी होती. त्याच्या जागी मी असतो तर मीही केलं असतं, हे आज मान्य करतो.

त्या कोडचा अर्थ इतकाच असतो की या सिमवर येणारे सगळे कॉल त्या दहा आकडी नंबरकडे वळवा. म्हणजे कॉल फॉरवर्डिंग. मग समोरच्याने स्वतःच्या फोनवर व्हॉट्सअ‍ॅप उघडलं, आमच्या दुकानाचा नंबर टाकला, आणि सहा आकडी कोड मेसेजऐवजी फोन करून सांगा, हा पर्याय निवडला. कोड सांगणारा कॉल आमच्या नंबरवर आला आणि वळून त्याच्याकडे गेला. दुकानाचं व्हॉट्सअ‍ॅप त्याच्या हातात. आमच्या स्क्रीनवर फक्त एक ओळ आली, की हा नंबर आता दुसऱ्या फोनवर नोंदवला गेला आहे.

आता इथून पुढचं महत्त्वाचं आहे. मुलाने ती ओळ वाचली आणि तो गप्प बसला.

चाळीस मिनिटं. मी आठ फुटांवर गल्ल्याजवळ बसलो होतो. त्याने फोन बंद करून चालू केला, अ‍ॅप काढून पुन्हा टाकलं, मित्राला विचारलं, यूट्यूबवर शोधलं. मला नाही सांगितलं. त्या चाळीस मिनिटांत आमच्या मिस्त्री ग्रुपवर आमच्याच फोटोने, आमच्याच नावाने मेसेज पडला. दिवाळी स्कीम, आज ॲडव्हान्स भराल तर जुन्या भावात माल. मेसेजखाली एक वेगळा यूपीआय नंबर. एवढ्यावर ते थांबले नाहीत, दोन-चार जणांना त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवरून कॉलही लावले. ज्याला कॉल गेला त्याच्या स्क्रीनवर काय दिसलं असेल? आमच्या दुकानाचं नाव, आमच्या बोर्डाचा फोटो. आमच्याकडे वडिलांच्या काळापासून येणाऱ्या एका मिस्त्रीने १८,००० रुपये पाठवले. नंतर ते म्हणाले, 'आवाज नवीन वाटला, पण म्हटलं दिवाळीसाठी नवा पोरगा ठेवला असन.'

मला कळलं ते एका इंटिरिअरवाल्या ताईंमुळे. त्यांच्याकडे माझा घरचा नंबर होता. 'तुमच्या दुकानाचा फोन कुणीतरी भलताच उचलून राह्यला,' म्हणाल्या. तेव्हा लक्षात आलं की दिवाळीच्या आठवड्यात, भर दुपारी, दुकानाचा फोन जवळजवळ दीड तास वाजलाच नव्हता. आणि आपल्याला ते जाणवलंही नव्हतं. धंद्यात शांतता वाटली की आधी फोन बघायचा, हे मी त्या दिवशी शिकलो.

पुढचं पटकन सांगतो. ##००२# डायल करून सगळं फॉरवर्डिंग बंद केलं. मिस्त्रीला घेऊन १९३० ला फोन लावला, कारण पैसे त्यांच्या खात्यातून गेले होते, तक्रारही त्यांनीच करायची असते. मेसेजने कोड मागवून व्हॉट्सअ‍ॅप परत आपल्या फोनवर आणलं. आपण कोड टाकला की चोर त्यातून बाहेर फेकला जातो, ही चांगली गोष्ट. वाईट गोष्ट अशी की चोराने तोवर स्वतःचा टू-स्टेप पिन लावून ठेवला होता. असा पिन माहीत नसेल तर ७ दिवस थांबावं लागतं. म्हणजे धनत्रयोदशी, लक्ष्मीपूजन, सगळं दुकानाच्या व्हॉट्सअ‍ॅपविना. आम्ही कागदावर ऑर्डरी घेतल्या, जसं वडील घ्यायचे तसं.

तो टू-स्टेप पिन आधी मी लावायला हवा होता. दोन मिनिटांचं काम. मी बीबीए केलं आहे, लोकांना धंदा शिकवतो, 'व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसवर ऑर्डर कशा वाढवाव्या' यावर बॅच घेतो, आणि माझ्याच दुकानाचं सिम एका २१ वर्षांच्या पोराच्या मोबाईलच्या दुसऱ्या खाचेत पडलेलं होतं. कारण काय, तर 'पोट्ट्याले सगळं येते.'

हे वाक्य आपल्या इकडे फार महाग पडून राहिलं आहे. पोराला रील बनवता येते, बिल पीडीएफ करून पाठवता येतं, नवीन फोन सेट करता येतो. म्हणून आपण धरून चालतो की समोरून बोलणारा कोण हेही त्याला ओळखता येईल. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माझे वडील स्मार्टफोनवर एक बोट फिरवायला घाबरतात, पण कुणाचाही फोन आला की पहिलं वाक्य ठरलेलं: 'कोण? कोणत्या गावचे? कोणाचे?' समोरचा वैतागतो. पण ती सवय एका जमान्यातून आली आहे, आणि तो जमाना आमच्या दुकानापासून फार दूर नाही.

लकडगंजच्या कडेला, सेंट्रल अव्हेन्यूवर टेलिफोन एक्सचेंज चौक आहे. डिसेंबर २०२२ पासून त्या नावाचं मेट्रो स्टेशनही आहे. माझ्या बॅचमधल्या अर्ध्या पोरांना 'एक्सचेंज' म्हणजे नेमकं काय हे माहीत नसतं. पूर्वी तुमच्या घरातून एक तारेची जोडी निघायची, खांबावरून, जमिनीखालून थेट एक्सचेंजपर्यंत जायची. नंबर म्हणजे ती तार. तार म्हणजे तो पत्ता. अमुक नंबरवरून फोन आला म्हणजे अमुक घरात कुणीतरी रिसीव्हर धरून बसलं आहे, एवढं तरी पक्कं असायचं. खोटं बोलणारे तेव्हाही होते, पण तारेचं टोक सापडायचं.

इंटरनेट कॉलमध्ये आवाजाचे छोटे-छोटे तुकडे होतात आणि ते डेटासारखे जातात, जसा फोटो जातो तसे. नंबर त्याच्यावर चिकटवलेली चिठ्ठी असते. व्हॉट्सअ‍ॅपचं घ्या. तुमचा नंबर तुमचाच आहे हे ते विचारतं अकाउंट उघडताना, त्या सहा आकड्यांनी. तेव्हा, २०२३ मध्ये, एकदा ते झालं की सिम काढून ड्रॉवरमध्ये टाकलं तरी अकाउंट चालू राहायचं. म्हणून आपल्या +९१ नंबरचं अकाउंट, त्यावर खाकी वर्दीचा फोटो, आणि चालवणारा माणूस दुसऱ्याच देशात, असं होऊ शकायचं. साध्या कॉलचंही तसंच. परदेशातून इंटरनेटवरून निघालेला कॉल आपल्या फोन नेटवर्कमध्ये शिरतो तेव्हा 'कुठून आला' हा रकाना पाठवणाऱ्या बाजूने भरलेला असतो. पाकिटावर पाठवणाऱ्याचा पत्ता लिहितो तसं. पोस्टमन तो तपासत नाही.

हे किती मोठ्या प्रमाणावर चालायचं याचा एकच आकडा देतो. परदेशातून येणारे पण भारतीय नंबर दाखवणारे कॉल अडवण्यासाठी दूरसंचार विभागाने २२ ऑक्टोबर २०२४ ला एक यंत्रणा सुरू केली. पहिल्या २४ तासांत १ कोटी ३५ लाख कॉल खोटे म्हणून पकडले गेले. एका दिवसात! पण ही चाळणी टेलिफोन नेटवर्कच्या दारावर आहे. व्हॉट्सअ‍ॅप, टेलिग्राम, इन्स्टाग्रामवरचे कॉल त्या दारातून येतच नाहीत. ते इंटरनेटच्या खिडकीतून सरळ तुमच्या खिशात येतात.

आणि गंमत बघा. माझ्या बॅचमध्ये २० ते २८ वयाची पोरं-पोरी असतात. अनोळखी साधा कॉल आला तर त्यातले बहुतेक उचलत नाहीत, लाल रंग दिसला की कापतात. पण तोच माणूस व्हॉट्सअ‍ॅपवर आला, त्याला फोटो असला, 'एचआर टीम' असं नाव असलं, की उचलतात. कारण अ‍ॅप म्हणजे आपली जागा वाटते. मित्र तिथे, ग्रुप तिथे, गेम खेळताना रात्रभर बोलणारे तिथे. त्या जागेत शिरलेला माणूसही ओळखीतला वाटू लागतो. मे २०२३ मध्ये आठवतं का, इथिओपिया, इंडोनेशिया, मलेशिया, केनिया अशा देशांच्या कोडचे मिस्ड कॉल व्हॉट्सअ‍ॅपवर धडाधड येत होते? मागून 'घरबसल्या पार्ट टाइम' असा मेसेज. आमच्या दुकानातल्या दोघांना आले होते. एकाने उत्तर दिलं होतं, नोकरी हवी होती म्हणून. बावळट म्हणून नाही.

'शिकलेला मुलगा असं करतच नाही' असं कुणी म्हणालं की मी पवईचं उदाहरण देतो. आयआयटी मुंबईचा विद्यार्थी, वय २५. जुलै २०२४ मध्ये त्याला कॉल आला, की मी ट्रायमधून बोलतोय, तुझ्या नंबरवर बेकायदेशीर कामाच्या १७ तक्रारी आहेत, नंबर बंद होऊ द्यायचा नसेल तर पोलिसांचं ना-हरकत पत्र लागेल. मग कॉल 'सायबर क्राइम'कडे जोडून दिला. पाठोपाठ व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ कॉल, समोर पोलिसाच्या वेशातला माणूस. आधार नंबर घेतला, मनी लाँडरिंगचा आरोप ठेवला, आधी २९,५०० रुपये पाठवायला लावले. मग 'डिजिटल अरेस्ट', कुणाशीही बोलायचं नाही. दुसऱ्या दिवशी आणखी ७ लाख. पैसे गेल्यावर त्याने इंटरनेटवर डिजिटल अरेस्ट म्हणजे काय ते शोधलं, आणि मग त्याला कळलं.

म्हणजे ज्या शोधाला दहा सेकंद लागतात तो शोध पैसे गेल्यावर झाला. अक्कल कमी होती म्हणून? आयआयटीत? नाही. त्याला एकटं ठेवलं म्हणून. या सगळ्या धंद्याचं तंत्र तेच आहे. कॉल कापू द्यायचा नाही, आणि शेजारच्या खोलीतल्या माणसाला कळू द्यायचं नाही. डिजिटल अरेस्ट नावाची गोष्ट कायद्यात नाहीच, कोणताही पोलीस व्हिडिओ कॉलवर अटक करत नाही. पण हे ऐकवायला जवळ दुसरा माणूस पाहिजे ना. मार्च २०२५ मध्ये सरकारने संसदेत सांगितलं की डिजिटल अरेस्टसाठी वापरलेली ८३,६६८ व्हॉट्सअ‍ॅप अकाउंट आणि ३,९६२ स्काईप आयडी शोधून बंद केली. स्काईप तर नंतर मे २०२५ मध्ये पूर्णच बंद पडलं. अकाउंट बंद होतात, नवीन उघडतात.

माझ्या मुलाची चाळीस मिनिटं मला आता वेगळी दिसतात. त्याला कुणी धमकावलं नव्हतं. त्याला माझी भीती होती. आदल्याच आठवड्यात एका चुकीच्या बिलावरून मी त्याला गिऱ्हाइकांसमोर झापलं होतं. चोराला जे धमकी देऊन करावं लागतं ते काम मी फुकटात करून ठेवलं होतं.

बॅच संपल्यावर एकदा एक मुलगा मागे रेंगाळला. सगळे गेल्यावर त्याने सांगितलं, रात्री अनोळखी व्हिडिओ कॉल आला, समोर मुलगी, दहा-पंधरा सेकंदांत कट. मग त्याच्या चेहऱ्याचं रेकॉर्डिंग जोडून बनवलेला व्हिडिओ आला आणि पैशाची मागणी. त्याने दोनदा पैसे दिले होते. दोनदा! घरी कुणालाच माहीत नव्हतं. मी त्याला तीनच गोष्टी सांगितल्या. आता एक रुपयाही द्यायचा नाही, काही डिलीट करायचं नाही कारण तोच पुरावा आहे, आणि १९३० किंवा सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन वर तक्रार. तो रडला थोडा. मग म्हणाला, 'सर, बाबांना तुम्ही सांगाल का?' मी सांगितलं. बाबा चिडले नाहीत. पोराला वाटलं होतं त्यापेक्षा बाप समंजस निघाला, असं बऱ्याचदा होतं.

बॅचमध्ये एक प्रश्न हमखास येतो: सर, व्हॉट्सअ‍ॅप कॉल तर एन्क्रिप्टेड असतो, मग धोका कसला? एन्क्रिप्शन खरं आहे, चांगलंही आहे. पण ते रस्त्यावरचं कुलूप आहे. तुमच्यापासून समोरच्यापर्यंत मधे कुणी ऐकणार नाही. समोर बसलेलाच चोर असेल तर त्याच्याशी तुम्ही अगदी सुरक्षितपणे बोलता, एवढंच. त्यात २०२३ पासून व्हॉट्सअ‍ॅपच्या व्हिडिओ कॉलमध्ये स्क्रीन शेअर करता येते. 'बेटा, स्क्रीन दाखव, मी रिफंड करून देतो' म्हणणाऱ्याला स्क्रीन दिली की वरून टपकणारा ओटीपी तोही वाचतो. तुम्ही कोड सांगितलाच नाही, तरी दिला.

एक प्रकार मात्र खरंच अ‍ॅपच्या आतल्या भोकाचा होता, आणि त्यात नागपूरचं नाव आहे म्हणून सांगतो. मे २०१९ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपने जाहीर केलं की त्यांच्या कॉलिंगमधल्या एका त्रुटीतून फोनमध्ये हेरगिरीचं सॉफ्टवेअर टाकलं जात होतं. कॉल यायचा. उचलायचीही गरज नव्हती. जगभरात सुमारे १,४०० फोन. इस्रायलच्या एनएसओ ग्रुप कंपनीचं पेगासस ते हेच. २९ ऑक्टोबर २०१९ ला व्हॉट्सअ‍ॅपने अमेरिकेतल्या कोर्टात त्या कंपनीवर दावा ठोकला आणि भारतात कुणाकुणाला लक्ष्य केलं होतं ती नावं बाहेर येऊ लागली. त्यात नागपूरचे वकील निहालसिंग राठोड होते. अनोळखी परदेशी नंबरवरून व्हॉट्सअ‍ॅप कॉल येत होते, असं त्यांनी तेव्हा माध्यमांना सांगितलं होतं, आणि कॅनडातल्या टोरांटो विद्यापीठाच्या सिटिझन लॅबने त्यांना गाठून सावध केलं होतं. डिसेंबर २०२४ मध्ये कोर्टाने एनएसओला जबाबदार धरलं. मे २०२५ मध्ये ज्युरीने साधारण १६ कोटी ७० लाख डॉलर भरपाई ठरवली, पुढे न्यायाधीशांनी ती रक्कम पुष्कळ कमी केली, पण व्हॉट्सअ‍ॅपच्या वाटेला जायला कंपनीला मनाई केली. त्यामागचं राजकारण हा आपला विषय नाही. आणि घाबरूही नका, इतकं महागडं हत्यार तुमच्या-माझ्या उधारीच्या वहीसाठी कुणी वापरत नाही. यातून दुकानदाराने घ्यायचं ते इतकंच की अ‍ॅपचं अपडेट 'नंतर' करत बसायचं नाही. ते भोक अपडेटनेच बुजलं होतं.

व्हिडिओ दिसला म्हणजे माणूस खरा, हाही भरवसा आता गेला. २०२४ च्या सुरुवातीला हाँगकाँगमध्ये अरुप या इंजिनिअरिंग कंपनीच्या कर्मचाऱ्याने व्हिडिओ मीटिंगमध्ये आपले वरिष्ठ पाहिले, ऐकले, आणि सुमारे २० कोटी हाँगकाँग डॉलर पाठवले. मीटिंगमधले ते चेहरे बनावट होते.

मग दुकानात आम्ही काय बदललं? पहिलं म्हणजे दुकानाचं सिम एका वेगळ्या साध्या अँड्रॉइड फोनमध्ये, आणि सिम माझ्या नावावर. टू-स्टेप पिन लावला, त्याला माझा ईमेल जोडला, पिन फक्त मला आणि बायकोला माहीत. दर सोमवारी दुकान उघडलं की 'लिंक्ड डिव्हाइसेस' बघायचं. कुठल्या कॉम्प्युटरवर दुकानाचं व्हॉट्सअ‍ॅप उघडं राहिलं आहे ते तिथे दिसतं. एकदा आमच्या बिलिंगवाल्याच्या जुन्या लॅपटॉपवर दोन महिन्यांपासून चालू सापडलं. त्याचा काही वाईट हेतू नव्हता, तोही विसरला होता. फॉरवर्डिंगचं सांगायचं तर, कोड डायल करून कॉल वळवण्याची सोय १५ एप्रिल २०२४ पासून बंद करा असा आदेश दूरसंचार विभागाने काढला होता, तरी फोनच्या कॉल सेटिंगमध्ये जाऊन फॉरवर्डिंग कुठे चालू नाही ना, हे आम्ही अजूनही बघतो.

पोरांना त्यांच्या स्वतःच्या फोनवर व्हॉट्सअ‍ॅपचं 'अनोळखी कॉल म्यूट' चालू करायला लावलं. दुकानाच्या फोनवर ते करता येत नाही, हीच तर आपली अडचण आहे. नवीन गिऱ्हाईक अनोळखीच असतं. जे लोक 'अनोळखी कॉल उचलूच नका' असा सल्ला देतात त्यांनी कधी दुकान चालवलेलं नसतं. आपल्याला उचलावाच लागतो. म्हणून नियम उचलण्यावर नाही, उचलल्यानंतरचा आहे. समोरचा पैसे, कोड, स्क्रीन, किंवा 'हे डायल करा' यातलं काहीही बोलला की कॉल कापायचा आणि आपल्या डायरीत जो नंबर आहे त्यावर आपण साधा फोन लावायचा. कुरिअरवाला असेल तर पावतीवरच्या नंबरला. बँकेचं काही असेल तर बँकेच्या शाखेत. बँकांच्या कामाच्या कॉलसाठी आता १६०० ने सुरू होणारे नंबर दिले आहेत, तेही लक्षात ठेवा, व्हॉट्सअ‍ॅप कॉलवर 'बँकेतून बोलतोय' म्हणणाऱ्याशी वाद घालत बसायचं कारण नाही. मिस्त्री लोकांना सांगून ठेवलं की आमचा यूपीआय नंबर कधीही मेसेजने बदलणार नाही, तो काउंटरवर चिकटवलेला आहे तोच.

दुसरा एक नियम माझ्यासाठी आहे. फोनवर काही गडबड झाली असं कुणी सांगायला आलं की पहिली पाच मिनिटं मी काहीही बोलायचं नाही, फक्त काम करायचं. बायकोने हे कागदावर लिहून गल्ल्याच्या आतल्या बाजूला लावलं आहे. बाकी झापायचं असेल तर संध्याकाळी.

सिमबद्दलही एक बोलतो, कारण हे पोरांशीच जास्त होतं. 'तुझ्या नावावर दोन सिम काढून दे, पाचशे देतो' असं कुणी म्हटलं तर ते पाचशे फार महाग आहेत. त्याच सिमवर अशी अकाउंट उघडतात, आणि शोध लागतो तेव्हा पोलीस सिमवाल्याच्या घरी येतात. संचार साथी पोर्टलवर आपल्या नावाने किती कनेक्शन चालू आहेत ते बघता येतं. मी बॅचमध्ये सगळ्यांना तिथल्या तिथे बघायला लावतो. दरवेळी एक-दोघांचे चेहरे उतरतात.

त्या १८,००० चं काय झालं, असं व्हिडिओखाली बऱ्याच जणांनी विचारलं. मिस्त्रीच्या खात्यात चार महिन्यांनी ६,२०० रुपये परत आले, तक्रार लवकर झाल्यामुळे तेवढे अडकवता आले होते. बाकीच्या रकमेचा माल मी त्यांना दिला. वडील म्हणाले होते, 'बोर्ड आपला दिसला म्हणून त्यानं पैसे दिले, त वजन आपलंच.' मुलाने पगारातून कापा म्हटलं. नाही कापले. सिम माझं, पिन माझा राहिलेला, वजनही माझंच.

तो मुलगा अजून आमच्याकडेच आहे, आता २३ चा झाला. मागच्या महिन्यात दुपारी मी मागच्या बाजूला शीट मोजत होतो. काउंटरवरून त्याने आवाज दिला.

'भाऊ, तुमी मले व्हॉट्सअ‍ॅपवर फोन लावून राह्यले का?'

माझा फोन गल्ल्यात होता. मी म्हटलं, 'नाही ना बे. काहून?'

'तुमचा फोटो हाये. मीटिंगमध्ये हाये म्हणते, अर्जंट वीस हजार टाक म्हणते.'

'मंग?'

'मंग काय, मी म्हटलं थांबा, भाऊले इचारतो. त्यानंच कापला.'

मग तो मिस्त्रीला १२ एमएमचा भाव सांगायला वळला.